बटण दाबलं, रेफरन्स आला, पण काय आला ते बघितलं का?

थिसिस सबमिट करायच्या आधीच्या आठवड्यात मैत्रिणींचे आणि ज्युनिअर्सचे जे मेसेज येतात ते जवळपास सगळे एकाच जातीचे असतात. अगं बिब्लिओग्राफीत वर्षाच्या जागी ‘एन. डी.’ (नो डेट, म्हणजे तारीख नाही) का येतंय, ऑथरचं नाव उलटं का छापलंय, एकच पेपर एकदा २०१९ए आणि एकदा २०१९बी असा दोनदा का दिसतोय. आणि प्रत्येकीची पक्की समजूत असते की स्टाइल (रेफरन्स छापायची पद्धत) चुकीची निवडली गेलीय नाहीतर वर्डचं प्लगइन गंडलंय. बहुतेक वेळा ती दोघंही बिचारी निर्दोष असतात. रेफरन्स सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत, म्हणजे तिथे साठवलेल्या तुमच्या यादीत, शिरला तेव्हाच तसा शिरला होता, तेव्हा कोणी उघडून बघितला नाही इतकंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून आज फक्त एवढ्याच एका गोष्टीवर लिहितेय, रेफरन्स सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा कसा. सायट कसा करायचा (लिहिताना त्याचा दाखला कसा द्यायचा), स्टाइल कशी बदलायची यावर पुष्कळ व्हिडिओ आहेत, ते बघा. मी झोटेरो वापरते त्यामुळे उदाहरणं त्यातली येतील, पण मेंडेले, एंडनोट, जॅबरेफ काहीही असो, डेटा सगळीकडे साधारण त्याच वाटांनी येतो आणि त्याच ठिकाणी बिघडतो. झोटेरो २००६ मध्ये जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत फायरफॉक्सचं एक्सटेन्शन म्हणून सुरू झालं, फुकट आणि ओपन सोर्स आहे. मेंडेले २००८ चं, २०१३ मध्ये एल्सव्हिअरने विकत घेतलं. एंडनोट पैसे देऊन घ्यायचं, आणि जॅबरेफ लाटेकवाल्या (वर्डऐवजी लाटेकमध्ये लिहिणाऱ्या) मंडळींचं. कुठलं भारी यावर भांडायचं असेल तर दुसरीकडे जा, माझं मत एवढंच की तुमचा गाइड किंवा तुमची टीम जे वापरते ते वापरा, एकाच पेपरवर दोघं दोन सॉफ्टवेअरमधून सायटेशन घालायला लागले की संपलं.

आता ते ब्राउझरमधलं बटण, ज्याला कनेक्टर म्हणतात. लोकांना वाटतं की बटण दाबलं की सॉफ्टवेअर पेपर ‘वाचतं’ आणि माहिती काढतं. तसं काही नसतं. बऱ्याच साइट्सच्या पानांमध्ये आपल्याला न दिसणारे मेटा टॅग असतात, टायटल हे, ऑथर हा, जर्नल हे, पानं एवढी ते एवढी, आणि कनेक्टर ते उचलतो. मोठ्या साइट्ससाठी झोटेरोमध्ये वेगळे ट्रान्सलेटर लिहिलेले असतात, म्हणजे त्या त्या साइटवरून माहिती कशी उचलायची याचा छोटासा कोड. साइटने डिझाइन बदललं की तो कोड कधीकधी थोडे दिवस मोडतो, मग कोणीतरी दुरुस्त करतं. जिथे ट्रान्सलेटरही नाही आणि टॅगही नाहीत तिथे सॉफ्टवेअरच्या हाताला पानाचं शीर्षक आणि लिंक एवढंच लागतं, आणि तुमचा पेपर लायब्ररीत ‘वेब पेज’ म्हणून येऊन बसतो.

हे आधीच कळतं बरं का. दाबण्याआधी बटणाच्या आयकॉनकडे बघायचं. कागदाचा आयकॉन असेल तर त्याने आर्टिकल ओळखलंय, पुस्तकाचा असेल तर पुस्तक, फोल्डरचा असेल तर एकाच पानावर बरेच आयटम सापडलेत आणि तो तुम्हाला लिस्ट दाखवून विचारेल की यातले कुठले घेऊ. आणि साधं वेब पेजचं चित्र असेल तर थांबा, दाबू नका, दुसरा रस्ता बघा. या एका सवयीने निम्मा कचरा बाहेरच राहतो.

दुसरं म्हणजे कुठे उभं राहून दाबताय. शक्यतो प्रकाशकाच्या वेबसाइटवर, पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टच्या पानावर. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडून दाबलं तर आधी नुसती पीडीएफ सेव्ह होते आणि मग सॉफ्टवेअर त्या पीडीएफमधून अंदाज काढत बसतं, जे बरेचदा जमतं आणि कधीकधी नाही जमत. सर्च रिझल्टच्या पानावरून घेतलं तर काम पटकन होतं हे खरंय, पण डेटा पातळ येतो. गूगल स्कॉलरमधून बिबटेक (रेफरन्स लिहायचा एक टेक्स्ट फॉरमॅट) कॉपी करणारे खूप जण आहेत, त्यांना सांगते, त्यात डीओआय (पेपरचा ओळख नंबर, पुढे सांगतेच) नसतो, आणि ऑथरची यादी लांब असेल तर काही नावांनंतर ‘अँड अदर्स’ येतं. स्कॉलर शोधायला उत्तम आहे, मी रोज वापरते, पण तिथे पेपर सापडला की क्लिक करून मूळ पानावर जायचं आणि तिथून घ्यायचा. एक क्लिक जास्त. पबमेड हा वैद्यकीय पेपर्सचा डेटाबेस याला अपवाद, तिथला डेटा स्वच्छ असतो, आणि बरेच पेपर एकदम हवे असतील तर ‘सेंड टू’मध्ये सायटेशन मॅनेजरचा ऑप्शन आहे, त्याची फाइल थेट इम्पोर्ट होते.

माझा स्वतःचा आवडता रस्ता मात्र बटण नाही, जादूची कांडी. झोटेरोच्या टूलबारमध्ये कांडीचं चित्र आहे, तिथे डीओआय, आयएसबीएन (पुस्तकाचा नंबर), पबमेडचा आयडी किंवा छापण्याआधीचे पेपर ठेवणाऱ्या अर्काइव्ह साइटचा नंबर टाकायचा आणि एंटर. एकदम वीस टाकले तरी चालतं, शिफ्ट-एंटर मारून खाली खाली लिहायचे. कोणी मेलमध्ये नुसते डीओआय पाठवले असतील तर हे फार सोयीचं पडतं.

डीओआय म्हणजे काय हे थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १० आणि टिंब याने सुरू होणारा तो नंबर, २००० सालापासून वापरात आहे, आणि जर्नलच्या पेपर्सचे बहुतांश डीओआय क्रॉसरेफ नावाच्या संस्थेकडे नोंदवलेले असतात. प्रकाशक पेपर छापतो, त्याची माहिती क्रॉसरेफकडे जमा करतो, आणि तुम्ही कांडी फिरवली की तीच माहिती तुमच्याकडे येते. थोडक्यात प्रकाशकाने जे भरलं ते तुम्हाला मिळालं. त्याने टायटल सगळं कॅपिटलमध्ये भरलं असेल तर तुमच्याकडे कॅपिटलमध्ये येणार. त्याने दुसऱ्या ऑथरचं आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात टाकलं असेल तर तेही तसंच येणार. जुन्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या वगैरे पेपर्सना डीओआय नंतर देण्यात आलेत आणि तिथे माहिती बरेचदा तुटकी असते, फक्त पहिला ऑथर, किंवा शेवटचं पान गायब. तर डीओआयने घेतलेला रेफरन्स हा सगळ्यात भरवशाचा, पण डोळे मिटून घ्यावा असा नाही.

पुस्तकांचं अजून वेगळं. आयएसबीएन टाकला की माहिती लायब्ररींच्या कॅटलॉगमधून येते, आणि कॅटलॉग बनवणाऱ्यांना तुमच्या बिब्लिओग्राफीची काही पडलेली नसते, त्यांचे नियम वेगळे असतात. त्यामुळे ऑथरच्या नावामागे जन्मवर्ष चिकटून येतं, एडिटर असतो तो ‘काँट्रिब्युटर’ होऊन येतो, अनुवादक येतच नाही. आवृत्तीकडे विशेष लक्ष द्या. हार्डकव्हर, पेपरबॅक, ई-बुक प्रत्येकाला वेगळा आयएसबीएन असतो, आणि हातातल्या पुस्तकावरचा नंबर न टाकता नेटवर सापडला तो टाकला तर वर्ष दुसऱ्याच आवृत्तीचं येतं, मग तुम्ही दिलेले पान नंबरही जुळत नाहीत. बाकी २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० अंकी नंबर दिसेल, तो टाकला तरी चालतो, घाबरू नका.

आणि चॅप्टर! संपादित पुस्तकातला एकच चॅप्टर वापरायचा असतो, आयएसबीएन टाकला की अख्खं पुस्तक येतं, आणि मग लोक अख्खं पुस्तकच सायट करतात, म्हणजे ज्याने चॅप्टर लिहिला त्याचं नावच कुठे नाही, एडिटरला सगळं श्रेय. पुस्तकाच्या आयटमवर राइट क्लिक केलं की बुक सेक्शन बनवायचा ऑप्शन आहे, तो घ्यायचा, मग चॅप्टरचं टायटल, चॅप्टरचा ऑथर आणि पानं हाताने भरायची. तीन फील्ड आहेत, जीव जात नाही.

पीडीएफ ओढून टाकायची पद्धत सगळ्यात लोकप्रिय, कारण सगळ्यांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये दोनशे पीडीएफ पडलेल्या असतातच. खेचून झोटेरोत टाकल्या की तो पहिल्या काही पानांमधला मजकूर बघतो, त्यात डीओआय किंवा आयएसबीएन सापडतो का, नाहीतर टायटल ओळखता येतं का ते बघतो, आणि पेरेंट आयटम, म्हणजे फाइलच्या वरची रेफरन्सची नोंद, बनवतो, फाइलचं नावही नीट करून देतो. नवीन पेपरला हे मस्त चालतं. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफला नाही चालत, कारण आत मजकूर नसतोच, नुसते फोटो असतात. आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतला मजकूर सॉफ्टवेअरकडून वाचून घ्या, नाहीतर डीओआय शोधून कांडीने घ्या आणि पीडीएफ त्याला जोडा. आणि ज्या पीडीएफला काहीच सापडलं नाही ती नुसती फाइल म्हणून पडून राहते, वर आयटम नाही, म्हणजे ती सायट करता येत नाही. दोनशे फाइल्स एकदम टाकणारे नेमके हे तपासत नाहीत. दहा दहा टाका, काय आलं बघा, मग पुढचे दहा.

आरआयएस आणि बिबटेकच्या फाइल्स हा चौथा रस्ता, डेटाबेसमधून एकदम पाचशे रेकॉर्ड काढायचे असतील, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरचे पेपर पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा) वगैरे, तर हाच. बिबटेक १९८५ पासूनचं आहे आणि अजून ठणठणीत आहे. आरआयएस उघडून बघितलीत तर साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांचा कोड, टीवाय म्हणजे प्रकार, एयू म्हणजे ऑथर, पीवाय म्हणजे वर्ष, आणि रेकॉर्ड संपला की ईआर. हाताने काही बदलाल तर तो ईआर उडवू नका, नाहीतर दोन रेकॉर्ड एकात एक मिसळतात. झोटेरो अशी इम्पोर्ट वेगळ्या कलेक्शनमध्ये ठेवू शकतो, तसंच ठेवा, लगेच बाकीच्यात मिसळू नका, कारण कुठल्या डेटाबेसमधून किती आले हे रिव्ह्यूत लिहावं लागतं.

असो. आता मुद्द्याचं, म्हणजे आल्यावर बघायचं काय.

पहिल्यांदा आयटमचा प्रकार. हे सगळ्यात वरचं फील्ड आणि सगळ्यात दुर्लक्षित. जर्नल आर्टिकल आहे की कॉन्फरन्स पेपर आहे की रिपोर्ट आहे की थिसिस आहे, यावर स्टाइल ठरवते की कुठली फील्ड छापायची आणि कुठली गाळायची. रिपोर्ट चुकून वेब पेज म्हणून आला तर रिपोर्ट नंबर, संस्था हे सगळं छापलंच जाणार नाही, तुम्ही कितीही स्टाइल बदला.

मग ऑथर. संस्थेचं नाव असेल तर शंभर टक्के लक्ष द्या. ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’ हे दोन रकान्यांत पडलं की सॉफ्टवेअर ‘ऑर्गनायझेशन’ला आडनाव समजतं आणि बिब्लिओग्राफीत छापतं ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच. हे मी खरोखर छापून आलेल्या पेपरमध्ये बघितलंय. झोटेरोत नावाच्या बाजूला छोटं बटण आहे, दोन रकान्यांचा एक रकाना करायचं, ते दाबा. एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा. बिबटेकमध्ये दुहेरी महिरपी कंस. ज्या लेखकांचं एकच नाव असतं, आडनाव नसतंच, त्यांनाही हाच एक रकान्याचा उपाय.

तसंच एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे आलेलं असतं, एका पेपरवर पूर्ण नाव, दुसऱ्यावर इनिशियल, तिसऱ्यावर मधलं नाव गाळून. कितीतरी स्टाइल्स त्यांना तीन वेगळी माणसं समजतात आणि मग टेक्स्टमध्ये आडनावाआधी विनाकारण इनिशियल छापायला लागतात. लोक म्हणतात बग आहे. बग नाही हो, तुमच्या लायब्ररीत तो माणूस तीनदा जन्मलाय.

टायटलच्या कॅपिटल अक्षरांबद्दल मी जरा कटकट करणार आहे. इंग्रजी टायटल दोन पद्धतींनी लिहितात, वाक्यासारखं, म्हणजे फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल, किंवा हेडलाइनसारखं, बहुतेक प्रत्येक शब्द कॅपिटल. एपीए स्टाइलला आर्टिकलचं टायटल वाक्यासारखं लागतं, शिकागो आणि एमएलएला हेडलाइनसारखं. झोटेरो वाक्यासारख्याचं हेडलाइन आपोआप करू शकतो, उलट करू शकत नाही, कारण त्याला कसं कळणार की कुठला शब्द विशेषनाम होता. म्हणून लायब्ररीत नेहमी वाक्यासारखं ठेवायचं. टायटलवर राइट क्लिक, ट्रान्सफॉर्म टेक्स्ट, सेंटेन्स केस, आणि मग देशांची, माणसांची नावं, डीएनए-बिएनए असलं काही छोटं झालंय का ते एकदा बघून घ्यायचं. बिबटेकवाल्यांनी असे शब्द महिरपी कंसात टाकायचे म्हणजे कोणी हात लावत नाही. प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं तिरकी हवी असतील तर टायटलमध्येच इटॅलिकचा आय टॅग टाकता येतो, सबस्क्रिप्ट सुपरस्क्रिप्टचंही तसंच.

याला जोडून लँग्वेजचं फील्ड. कोणी भरत नाही. पण मराठी, हिंदी, जर्मन कुठलाही बिगर-इंग्रजी सोर्स असेल तर तिथे भाषेचा कोड टाका, कारण झोटेरो हेडलाइन-कॅपिटल फक्त इंग्रजीला लावतो आणि इंग्रजी नाही हे त्याला या फील्डवरूनच कळतं. जर्मन टायटल एकदा का इंग्रजी पद्धतीने कॅपिटल झालं की जर्मन वाचणारा परीक्षक पहिल्या पानावरच वैतागतो. देवनागरीत कॅपिटलचा प्रश्न नाही, पण तिथे वेगळं ठरवावं लागतं, नाव देवनागरीत ठेवायचं की रोमनमध्ये, आणि जे ठरेल ते सगळ्या रेफरन्सेसना एकसारखं. एकच लेखक अर्ध्या ठिकाणी देवनागरीत आणि अर्ध्या ठिकाणी रोमनमध्ये असेल तर यादीत तो दोन टोकांना जाऊन बसतो.

वर्ष, व्हॉल्यूम, पानं हे पटकन. वर्ष आहे का, आणि ते ऑनलाइन आल्याचं आहे की अंकाचं, कारण पेपर डिसेंबरात ऑनलाइन येतो आणि अंक पुढच्या मार्चचा असतो. काही जर्नल्समध्ये पानांऐवजी आर्टिकल नंबर असतो, ते बरोबरच आहे, गोंधळू नका. जर्नलचं नाव पूर्ण ठेवा, शॉर्ट फॉर्म हवा असेल तर प्लगइनमध्ये मेडलाइनचे शॉर्ट फॉर्म वापरायची सोय आहे.

हे सगळं इतकं बघत का बसायचं, असं कोणी म्हणेल. तर एक गंमत सांगते. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी एक पेपर छापला, त्यांनी काय केलं, भौतिकशास्त्रातला १९७३ चा एक गाजलेला पेपर घेतला ज्याला साधारण ४३०० सायटेशन्स होती. त्यातल्या १९६ सायटेशन्समध्ये छपाईच्या चुका होत्या, पान चुकलेलं, व्हॉल्यूम चुकलेला असं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. पान नंबरची एकच चूक तर तब्बल ७८ वेळा आलेली. आता ७८ जण स्वतंत्रपणे तोच आकडा चुकणार नाहीत ना, म्हणजे एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी यादीतून यादी उतरवली. त्यावरून त्यांनी अंदाज काढला की सायट करणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ पेपर उघडत असावेत. अंदाजाच्या पद्धतीवर वाद घालता येईल, पण ती ७८ ची चूक कोण नाकारणार.

दुसरं याहून भारी. एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये रेफरन्स कसा लिहायचा याचा नमुना म्हणून एक बनावट पेपर दिला होता, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, साल २०००. असा पेपर अस्तित्वातच नाही. तरी त्याला शेकडो सायटेशन्स मिळाली, कारण लोकांनी टेम्प्लेट घेतलं, स्वतःचे रेफरन्स भरले आणि नमुना पुसायचा राहिला. सॉफ्टवेअर म्हणत नाही की हा पेपर खोटा आहे. त्याला फील्ड भरलेली दिसली की तो खूश.

याच कारणाने चॅटबॉटने दिलेले रेफरन्स थेट हाताने टाइप करून लायब्ररीत घालू नका. ते दिसायला इतके खरे असतात, ऑथर त्याच विषयातला, जर्नल खरं, डीओआयही १० ने सुरू होणारा, आणि पेपर मात्र नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेल्या खटल्यांचे दाखले दिल्याबद्दल वकिलांना ५००० डॉलरचा दंड झाला होता, तिथे तर न्यायाधीश तपासतात, आपल्याकडे रिव्ह्यूअर तपासेलच असं नाही. साधी चाचणी, तो डीओआय कांडीत टाका. काहीच आलं नाही, किंवा भलताच पेपर आला, तर उत्तर मिळालं.

डुप्लिकेट्स. एकच पेपर तीन डेटाबेसमधून घेतला की तीनदा येणारच, त्यात काही वाईट नाही. झोटेरोत डावीकडे डुप्लिकेट आयटम्सचं कलेक्शन आपोआप बनतं. तिथे जाऊन मर्ज करायचं, डिलीट नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण समजा त्यातली एक कॉपी तुम्ही आधीच वर्डमध्ये सायट केलीय आणि नेमकी तीच डिलीट केली, तर डॉक्युमेंटमधलं ते सायटेशन अनाथ होतं, पुढे लायब्ररीत काही दुरुस्त केलं तरी तिथे पोचत नाही. मर्ज केलं तर जुना धागा टिकतो. मर्ज होत नाही असं म्हणाला तर बहुतेक एकाचा प्रकार जर्नल आर्टिकल आहे आणि दुसऱ्याचा अजून काही, प्रकार सारखे करा आणि पुन्हा करा. डुप्लिकेट राहिले की ते २०१९ए-२०१९बी प्रकरण, वर सांगितलं ते.

प्रीप्रिंट (जर्नलमध्ये येण्याआधीच नेटवर टाकलेला पेपर) आणि छापून आलेला पेपर हे मात्र डुप्लिकेट समजू नका, किमान विचार न करता तरी नाही. अर्काइव्हवरचा पेपर तुम्ही वाचला, सहा महिन्यांनी तो जर्नलमध्ये आला आणि रिव्ह्यूमध्ये त्यातला एक टेबल बदलला. तुम्ही जो आकडा वापरलाय तो कुठल्या व्हर्जनमधला आहे ते बघा आणि मगच बदला. झोटेरोमध्ये प्रीप्रिंटला वेगळा आयटम टाइप आहे. अर्काइव्ह २०२२ पासून स्वतःचे डीओआयही देतं, त्यामुळे एकाच पेपरचे दोन डीओआय असणं आता नेहमीचं झालंय.

रिट्रॅक्शनचं, म्हणजे छापलेला पेपर मागे घेतला जाण्याचं, एक चांगलं आहे. २०१९ पासून झोटेरो रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसशी जोडलेलं आहे, लायब्ररीतला एखादा पेपर मागे घेतला गेला की वर लाल पट्टी येते, आणि सायट करायला गेलात तर पुन्हा विचारतं. एमएमआर लस आणि ऑटिझमचा लॅन्सेटमधला तो कुप्रसिद्ध पेपर १९९८ चा आणि मागे घेतला गेला २०१० मध्ये, मधली बारा वर्षं तो लोकांच्या याद्यांमध्ये बसून होता. पण लक्षात घ्या, ही तपासणी डीओआय किंवा पबमेड आयडीवरून होते. हाताने टाइप केलेला, डीओआय नसलेला रेफरन्स असेल तर झोटेरोला कळायला मार्गच नाही. डीओआय भरा म्हणून जे मागे लागते ते यासाठीही.

कोणाकडे जुनी वर्डची फाइल आहे ज्यात शे-दीडशे रेफरन्स नुसते टाइप केलेले आहेत, आणि आता ते लायब्ररीत हवेत, असाही प्रश्न येतो. एकेक टाइप करत बसू नका. क्रॉसरेफच्या साइटवर सिंपल टेक्स्ट क्वेरी नावाची सोय आहे, यादी पेस्ट केली की ती डीओआय शोधून देते, ते कांडीत टाकायचे. ज्यांना डीओआय नाही त्यांच्यासाठी एनीस्टाइल, ते साध्या टेक्स्टमधून ऑथर, टायटल, वर्ष वेगळं करून बिबटेक देतं. ते कॉपी केलं की झोटेरोच्या फाइल मेनूमध्ये इम्पोर्ट फ्रॉम क्लिपबोर्ड आहे. एनीस्टाइल अंदाजाने काम करतं त्यामुळे त्याचं प्रत्येक रेकॉर्ड नजरेखालून घालायला लागतं, पण टाइप करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

दोन किरकोळ सेटिंग्ज जाता जाता. आपोआप टॅग लावायचा ऑप्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक पेपरमागे पंधरा कीवर्ड येतात आणि तुमचे स्वतःचे टॅग त्यात हरवतात. आणि झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, डेटाबेस करप्ट होऊ शकतो. सिंक हवं तर झोटेरोचंच वापरा, फाइल्ससाठी ३०० एमबी फुकट मिळतात, आणि नुसत्या रेफरन्सेसच्या माहितीला ती मर्यादा लागू नाही.

आणि इतकं करूनही शेवटच्या रात्री वर्डमध्ये चूक दिसली, दिसणारच एखादी, तर ती वर्डमध्ये बिब्लिओग्राफीत जाऊन खोडू नका. पुढच्या रिफ्रेशला प्लगइन ती यादी लायब्ररीतून पुन्हा बनवतं आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते, मग लोक म्हणतात मी तर नीट केलं होतं. झोटेरो उघडा, तो आयटम दुरुस्त करा, वर्डमध्ये येऊन रिफ्रेश दाबा. सायटेशन अनलिंक करायचा ऑप्शन आहे, पण तो फक्त सबमिट करायच्या कॉपीवर वापरा, मूळ फाइल तशीच ठेवून, कारण रिव्ह्यूअर ‘अजून चार रेफरन्स घाला’ म्हणणारच आहे.